काळ्या ऑइल पेंटखालचा ॲक्रोलाइट

ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईहून आणलेला जुना स्नेअर ड्रम (खालच्या बाजूला तारा ताणलेला छोटा ड्रम), अमेरिकेतल्या लुडविग कंपनीचा ॲक्रोलाइट, मार्च २०२४ मध्ये वाजता झाला. त्या सगळ्या काळात मराठीत कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला सारखं वाटायचं. म्हणून आता मीच लिहायला बसले आहे. इंग्रजीत माहितीचा तोटा नाही, पण ती अमेरिकेत राहणाऱ्यांच्या सोयीची आहे. पुण्याच्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात जाऊन नेमकं काय मागायचं आणि कस्टमचं पत्र आलं की काय पाठवायचं, हे तिथे मिळत नाही.

मी पुण्यात राहते. नोकरी हिशेबाची आहे, शनिवारी सरांकडे ड्रम शिकते आणि आम्ही चौघं मिळून रविवारी वाजवतो. माझ्या सेटमधला स्वस्तातला स्नेअर नुसता ठणठणायचा. सरांचं म्हणणं, नव्यात पंधरा हजार घालण्यापेक्षा एखादा जुना चांगला बघ, धीर धर, मिळेल. आणि मिळाला. त्यांच्या ओळखीतून कळलं की माझगावला एक घर रिकामं होतंय. तिथले वडील तरुणपणी बोटीवरच्या बँडमध्ये वाजवायचे, नंतर मुंबईतल्या हॉटेलांत आणि लग्नांत. ते गेल्यावर वाद्यं पडून होती. एक स्नेअर मधली बरीच वर्षं एका शाळेच्या बँडला वापरायला दिलेला होता. तिथे कुणीतरी त्याला काळा ऑइल पेंट फासला होता, अगदी लग (ताण देणारे रॉड ज्यांत बसतात ते अंगावरचे धातूचे तुकडे) आणि रिम (वरचं-खालचं धातूचं कडं) यांच्यासकट.

जाण्याआधी व्हॉट्सॲपवर फोटो मागवले. इथे पहिली सूचना : "ड्रमचा फोटो पाठवा" एवढंच म्हटलं तर समोरून एकच फोटो येतो, तोही लांबून. नेमकं सांगा. एका लगचा जवळून, तारा ओढणाऱ्या खटक्याचा म्हणजे स्ट्रेनरचा, खालच्या रिमचा, आणि एखादं हेड म्हणजे वाजवायचा ताणलेला पडदा फाटलेला असेल तर त्यातून आतल्या बाजूचा. मला आलेल्या फोटोंत सगळं काळंच होतं, पण लगचा आकार दिसत होता. दोन्ही टोकांना फुगीर आणि मध्ये बारीक, ज्याला ड्रमवाले बो-टाय लग म्हणतात. असे आठ. त्या फोटोमुळेच मी मुंबईला जायचं ठरवलं.

आपल्याकडे असा जुना धातूचा स्नेअर समोर आला की बहुतेक वेळा तो तीनपैकी एक असतो. एक, मेरठचा. तिथल्या जली कोठी भागात बँडची वाद्यं पिढ्यान् पिढ्या बनतात आणि देशभरातल्या शाळांना, बँडवाल्यांना जातात. दोन, साठ-सत्तरच्या दशकातला जपानी. त्या काळात जपानी कारखान्यांनी अमेरिकन ड्रमच्या दिसण्याची हुबेहूब नक्कल करून स्वस्त ड्रम जगभर विकले. तीन, खरोखरचा अमेरिकन किंवा इंग्लिश. लांबून तिन्ही सारखे दिसतात. रंग दिल्यावर तर जवळूनही.

त्यामुळे फ्रिजवरचं लोहचुंबक पर्समध्ये टाकलं आणि डेक्कन क्वीनने गेले. त्या घरच्या आँटींनी ड्रम जेवणाच्या टेबलावर काढून ठेवला होता. आधी रिमला चुंबक लावलं, घट्ट चिकटलं. मग शेलला, म्हणजे ड्रमच्या गोल अंगाला लावलं, तर सरळ घसरून पडलं. म्हणजे शेल लोखंडाचा नाही. पितळ असतं तर एवढा ड्रम हाताला जड लागला असता. हा एका हाताने सहज उचलता येत होता. ॲल्युमिनियम. जपानी नकला बहुतेक स्टीलच्या असतात आणि त्यांच्या शेलला आतून उभा जोड दिसतो. इथे फाटलेल्या हेडमधून बोटं घालून मी शेलभर आतून हात फिरवला. जोड कुठेच नाही. पत्र्याच्या मधोमध एक उठावाची पट्टी सगळीकडून गोल फिरलेली, आणि कडा आतल्या बाजूला वळवलेल्या. लुडविगचे धातूचे शेल असेच असतात, अखंड पत्र्यातून फिरवून काढलेले.

मग हवेचं छिद्र शोधलं. ड्रममधली हवा बाहेर जायला शेलला एक छोटं भोक असतं आणि कंपनीच्या नावाची पट्टी बहुधा त्याच्याभोवती बसवलेली असते. पेंटखाली नखाने चाचपडल्यावर पट्टीच्या कडा लागल्या : वर रुंद, खाली निमुळती. लुडविगच्या साठच्या दशकातल्या बिल्ल्याचा हाच आकार. कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराचा म्हणून त्याला कीस्टोन बॅज म्हणतात.

आँटींनी विचारलं, "काय, बरा आहे का? माझा मुलगा म्हणतो भंगारात देऊया."

मी म्हटलं, "आँटी, भंगारात देऊ नका. रंगाखाली काय आहे ते घासल्याशिवाय नक्की कळणार नाही, पण हा अमेरिकन लुडविग असावा. शिकागोचा."

"पपा बोटीवरून आणलेला म्हणायचे. आम्हाला वाटायचं, थापा मारतात."

किमतीचं बोलणं त्याआधी होऊ दिलं नाही. ज्यांच्या घरची वस्तू आहे त्यांना ती काय आहे हे आधी कळलं पाहिजे, एवढं मला महत्त्वाचं वाटलं. चांगल्या स्थितीतला असा ड्रम अमेरिकेत किती डॉलरला जातो ते फोनवर दाखवलं. यातला स्ट्रेनर मोडलेला आहे, काही रॉड गायब आहेत, रंग काढताना काय निघेल सांगता येत नाही, हेही सांगितलं. त्यांच्या मुलाने चौदा हजार म्हटलं, मी हो म्हटलं. साध्या कागदावर पावती लिहून घेतली : कोणाकडून कोणाला, काय वस्तू, किती रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. पैसे यूपीआयने दिले, म्हणजे नोंद राहते. जुन्या वाद्याला बिल नसतं. पुढे कधी विकायचं झालं किंवा परदेशी न्यायचं झालं तर हाच कागद कामाला येतो, म्हणून संकोच न करता मागावा.

घरी आल्यावर लगेच पेंट काढायला घेऊ नका. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग एकेक भाग सुटा करायचा. मी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली आणि लगना एक ते आठ आकडे दिले. प्रत्येकाचे स्क्रू, वॉशर, रॉड वेगळ्या पिशवीत, पिशवीवर आकडा. सगळे लग सारखेच दिसतात, पण साठ वर्षांत प्रत्येक जण आपापल्या जागी बसलेला असतो. तो तिथेच परत गेलेला बरा.

उघडल्यावर बऱ्याच गोष्टी कळल्या. खालच्या बाजूला कुणीतरी वरच्या बाजूचं जाड हेड चढवलं होतं. स्नेअरचं खालचं हेड अगदी पातळ लागतं. वरचं सर्वसाधारण हेड १० मिल, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास असतं, तर खालचं ३ मिल, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ. तेच थरथरून तारांना हलवतं. जाड हेड घातलं की तारा गप्प. शाळेत हा ड्रम नुसता ढबढब वाजत असणार. रॉड सोळा हवेत, होते अकरा. उरलेल्या जागी बाजारातले बोल्ट ठोकून बसवले होते. स्ट्रेनरची दांडी मोडलेली, तिथे एक नट-बोल्ट आवळून तारा कायमच्या ताणलेल्या. आतला मफलर मात्र शाबूत होता. हा म्हणजे बाहेरची घुंडी फिरवली की आतून हेडला टेकणारा फेल्टचा तुकडा. त्याची दांडी बेसबॉलच्या बॅटसारखी असल्यामुळे लुडविगवाले त्याला त्याच नावाने ओळखतात.

आता रंग. मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवला आणि तुम्हीही घालवा असं सांगेन.

सोसायटीत काम करणाऱ्या रंगाऱ्याने सल्ला दिला, "ताई, कॉस्टिक सोड्यात बुडवा, एका रात्रीत साफ." लोखंडी ग्रिलसाठी ते चालेल, ॲल्युमिनियमसाठी अजिबात नाही. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. फेस येतो, हायड्रोजन सुटतो आणि पत्रा काळा पडून झिजतो. तुमचा शेल ॲल्युमिनियमचा आहे याची खात्री आधी करून घ्या, ती याचसाठी. पितांबरी, चिंच, लिंबू हेही लांब ठेवा, ते तांब्या-पितळेसाठी. आणि ग्राइंडरला लावायची तारेची ब्रश तर नकोच नको.

बोहरी आळीतून जेलसारखा घट्ट पेंट रिमूव्हर आणला, डबा साडेतीनशेला. पातळ मिळतो तो घेऊ नका, गोल शेलवरून ओघळून जातो. जाड रबरी हातमोजे, चष्मा, आणि काम गच्चीवर. बंद खोलीत त्याची वाफ डोक्यात जाते. तळहाताएवढ्या भागावर ब्रशने लावायचा आणि थांबायचं. दहा-बारा मिनिटांत काळा पेंट तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो आणि पत्र्यापासून सुटतो. मग जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने एका दिशेने अलगद ओढायचा. पहिल्या ओढीला काळ्याखालून हिरवा रंग निघाला. हिरव्याखालून चंदेरी. त्या चंदेरीखाली शेवटी करड्या झाकेचा पत्रा दिसला, त्यावर बारीक रेषा, सगळ्या शेलच्या गोलाईबरोबर फिरणाऱ्या. कारखान्यात ब्रश फिरवलेल्या पत्र्याच्या त्या मूळ रेषा आहेत. त्या दिसल्यावर मी काम थांबवून सरांना फोटो पाठवला.

मूळ पत्र्यावर पारदर्शक लेपाचा एक पातळ थर असतो. रिमूव्हर ऑइल पेंटबरोबर तोही काढतो, त्याला इलाज नाही. काही ठिकाणी तो राहिला, काही ठिकाणी गेला, त्यामुळे शेल आज एकसारखा दिसत नाही, उजेडात ढग दिसतात. मी वर नवा लेप दिला नाही. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा थर बसतो आणि तोच त्याला सांभाळतो. गाडीला लावायचं साधं वॅक्स पातळसं फिरवलं, एवढंच. चिवट डाग होते तिथे बारीक स्क्रबर वापरला, पण मूळ रेषांच्याच दिशेने, गोलाईबरोबर. आडवा हात फिरला तर तो ओरखडा कायमचा.

बिल्ल्याला रिमूव्हर लावलाच नाही. पितळी बिल्ल्याच्या अक्षरांतला रंग त्याने जातो आणि मग ओळख पटवायला काही उरत नाही. खोबरेल तेलाचा थेंब टाकून, दात कोरायच्या काडीने, रात्री टेबललॅम्पखाली थोडं थोडं काढत राहिले. आधी शिकागो दिसलं, मग लुडविग, आणि खाली आकडा. सहा अंकी, पाचाने सुरू होणारा.

या आकड्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. लुडविगच्या बिल्ल्यांवर अनुक्रमांक यायला १९६३ च्या शेवटी-शेवटी सुरुवात झाली. त्याआधीच्या कीस्टोन बिल्ल्यांवर आकडा नाही. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर झळकले, रिंगो स्टारच्या बेस ड्रमवर लुडविगचं नाव होतं, आणि मागणी इतकी वाढली की शिकागोच्या डेमन ॲव्हेन्यूवरच्या कारखान्याला पुरवठा करता करता नाकी नऊ आले. त्या धांदलीत बिल्ले क्रमाने लावले जात नव्हते. खोक्यात हात घालायचा, येईल तो बिल्ला ठोकायचा. म्हणून नुसत्या आकड्यावरून अमुक महिना असं सांगता येत नाही. लाकडी शेलच्या आत त्या काळात तारखेचा शिक्का मारलेला असायचा. संग्राहकांनी ते शिक्के आणि बिल्ल्यांचे आकडे जुळवून कोष्टकं केली आहेत. धातूच्या शेलमध्ये सहसा असा शिक्का नसतो, म्हणून आपल्याला कोष्टकावरच भागवावं लागतं. पाच लाखांच्या पुढचा आकडा साधारण १९६७-६८ चा धरतात.

आकडा एकटा घेऊ नये, बाकीच्या खुणांशी ताडून पाहावा. बिल्ला कीस्टोन आहे, म्हणजे निळ्या-हिरव्या टोकदार बिल्ल्याच्या आधीचा. तो बिल्ला सत्तरच्या दशकाच्या तोंडावर आला. स्ट्रेनर मोडका असला तरी पी-८३ नावाचा साठच्या दशकातला आहे. त्यामागून पी-८५ आला. शेल ॲल्युमिनियमचा, मधोमध पट्टी, वर क्रोम नाही, बो-टाय लग आठ, खोली ५ इंच, व्यास १४ इंच. हा लुडविगचा ॲक्रोलाइट, कॅटलॉगमधला एलएम ४०४. दहा लग आणि वर क्रोम असता तर तो याच शेलचा महागडा भाऊ सुप्राफोनिक, एलएम ४०० झाला असता. ॲक्रोलाइट अमेरिकेतल्या शाळकरी मुलांसाठी काढला होता. शाळेच्या बँडमध्ये शिकणाऱ्यांच्या संचात तो असायचा, म्हणून तिकडे तो पोत्याने सापडतो. पण शेल तोच असल्यामुळे स्टुडिओत वाजवणाऱ्यांनीही तो उचलला. शिवाय क्रोम नाही हा एक फायदाच. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही. जुन्या सुप्राफोनिकवर त्यामुळे फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. ॲक्रोलाइटला ती चिंता नाही.

दिवाळीच्या आधी शेल स्वच्छ होऊन घरात आला. मग कडा तपासल्या. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर शेल उपडा ठेवला, दिवे बंद केले आणि आत मोबाइलचा टॉर्च लावला. कड आणि दगड यांच्यामधून उजेडाची फट दिसली की तिथे कड दबलेली. तारांसाठी समोरासमोर दोन ठिकाणी खालची कड मुद्दाम किंचित खोल केलेली असते, ती फट दोष समजू नका. माझ्याकडे वरच्या कडेला बोटभर लांबीचा दबका होता. तिथे हेड टेकत नाही आणि सूर लागत नाही.

हे काम मी स्वतः करणार नव्हते. कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तांब्या-पितळेवर हात चालवणारी घरं तिथे अजून आहेत. दोन ठिकाणी "ॲल्युमिनियम आम्ही करत नाही" असं सांगितलं. तिसऱ्या काकांनी शेल हातात घेऊन नखाने टिचकी मारली, कानाजवळ धरला आणि विचारलं, "हे वाजवायचं आहे का?" हो म्हटल्यावर बसा म्हणाले. कडेच्या आत घोटीव लोखंडी ठोकळा धरून, बाहेरून लाकडी हातोडीने, ठोके इतके हलके की मला वाटलं काहीच होत नाहीये. मध्येच थांबून अंगठा फिरवायचे. "जोरात मारलं तर पत्रा ताठतो ताई, मग तडकतो. याला मनवावं लागतं." अर्ध्या तासात कड सरळ. बफ मारून चकाचक करून देऊ का, असंही त्यांनी विचारलं. नको म्हटलं, त्या मूळ रेषा जातील. त्यांना ते लगेच पटलं. तीनशे मागितले, मी चारशे दिले.

लगचं काम घरच्या घरी होतं. लग जस्ताच्या ओतकामाचे, वर क्रोम. त्यांना व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवू नका, क्रोममध्ये कुठे चीर असेल तर आतलं जस्त खराब होतं. रंग वरच्यासारखाच काढला, मग कोमट साबणाचं पाणी आणि दात घासायचा ब्रश, नंतर केसांच्या ड्रायरने आतपर्यंत सुकवले. प्रत्येक लगमध्ये आतला नट जागेवर धरणारी स्प्रिंग असते आणि ती वाजवताना किणकिणते. तिच्याभोवती फेल्टची पातळ पट्टी गुंडाळली. रिमवरचा गंज घालवायला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा आणि पाणी पुरतं. क्रोमवर ओरखडा न पडता तांबूस डाग निघतात. जिथे क्रोमच उडालंय तिथे खड्डे राहतात, ते तसेच ठेवले. परत क्रोम करून घेण्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मला तो पटत नाही. आधी ॲसिडने जुनं काढतात, मग घासतात. रिम पातळ होते आणि जुनेपणही जातं, शिवाय खर्च नव्या रिमपेक्षा जास्त.

रॉडचं माप सांगून ठेवते, कारण दुकानात विचारतात : १२-२४, म्हणजे इंचाला २४ आटे. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात या मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) सहजी मिळत नाही, पण वाद्यांच्या दुकानात ७/३२ म्हणून मिळणारे साधे टेन्शन रॉड बसतात. आधी हाताने फिरवून बघा. चार-पाच आटे बोटांनीच आत गेले पाहिजेत. चावीचा जोर लावावा लागत असेल तर तो रॉड तिथला नाही. बोल्ट ठोकलेल्या पाच जागांपैकी बहुतेकांचे आटे चांगला रॉड तेल लावून आतबाहेर केल्यावर साफ झाले. दोन नट कामातून गेले होते, ते वाद्यदुरुस्ती करणाऱ्या एकाच्या जुन्या डब्यात सापडले.

राहिला स्ट्रेनर. इथल्या दुकानात नवे मिळतात, पण त्यांच्या स्क्रूंमधलं अंतर वेगळं, म्हणजे शेलला नवी भोकं पाडावी लागणार. ते मी करणार नव्हते. साठ वर्षांत या शेलला कुणी जादा भोक पाडलेलं नाही. ज्यांनी रंग फासला त्यांनीही नाही. म्हणून नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडून वापरलेला पी-८३ मागवला : ४८ डॉलर, टपाल २७.

पार्सल डिसेंबरच्या मध्यावर भारतात पोचलं आणि कस्टममध्ये थांबलं. ट्रॅकिंगवर आठवडेच्या आठवडे एकच ओळ. मग पत्र आलं : वस्तूचं बिल, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र, आणि वस्तू कशासाठी हवी याचा खुलासा. मी पाठवलं ते असं. विक्रेत्याचं बिल, क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटचं ते एकच पान, आधारची प्रत. सोबत चार ओळींचा अर्ज : हा वापरलेल्या वाद्याचा सुटा भाग आहे, वैयक्तिक वापरासाठी, विक्रीसाठी नाही, आणि ड्रमचा फोटो, ज्यात मोडका भाग दिसतो. कस्टमच्या यादीत वाद्यांच्या सुट्या भागांचं शीर्षक ९२०९ आहे, तेही लिहिलं. तुम्ही मागवाल तेव्हा विक्रेत्याला पाकिटावरच हे लिहायला सांगा. पाकिटावर नुसतं "व्हिंटेज लुडविग" असेल तर आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. ड्युटी वस्तूच्या किमतीवर नव्हे, किंमत अधिक टपालखर्च यावर लागते. मला ४,७०० रुपये बसले, जानेवारीत पोस्टमनकाकांना रोख देऊन पार्सल घेतलं आणि पावती जपून ठेवली. परदेशातून सुटा भाग मागवताना टपाल आणि ड्युटीचा खर्च सुरुवातीलाच धरा, म्हणजे मन खट्टू होत नाही. वाट पाहण्याचे ते आठवडे मात्र मला जड गेले. ड्रम पूर्ण तयार, आणि एका तळहाताएवढ्या खटक्यावाचून अडलेला.

स्ट्रेनर जुन्या भोकांवर अचूक बसला. फेब्रुवारीत हेड आणि तारा घेतल्या : वर खरखरीत पांढरं १० मिलचं, खाली ३ मिलचं पारदर्शक, आणि वीस तारांचा साधा संच. खालच्या हेडवर अंगठ्याने दाबून बघायचा मोह टाळा, खड्डा पडतो. आधी खालचं हेड लावायचं. रॉड सगळे बोटांनी टेकेपर्यंत, मग चावीने समोरासमोरचे, प्रत्येकी अर्धा फेरा. प्रत्येक रॉडजवळ काडीने टिचकी मारून सूर सारखा येईपर्यंत. खालचं चांगलं ताठ, वरचं त्याहून थोडं सैल. तारा लावताना खटका बंद ठेवा, दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर मध्ये आणा, मगच स्क्रू आवळा. तिरप्या बसल्या तर एका बाजूने कायम कुरकुर करतात.

मार्चच्या पहिल्या शनिवारी सरांकडे नेला. त्यांनी आधी मफलर पूर्ण सोडला, मग अगदी हळू, नुसत्या बोटांनी वाजवला. ड्रमची परीक्षा मोठ्या आवाजात नसते म्हणाले. तारा लगेच बोलत होत्या, अगदी कडेवरही. ॲल्युमिनियमचा आवाज स्टीलसारखा कानात घुसत नाही. कोरडा, आखूड, ठोक्यानंतर लगेच जागा मोकळी करून देणारा. आमच्या छोट्या खोलीत गाणाऱ्याचा आवाज त्यामुळे पहिल्यांदाच मला नीट ऐकू आला. लग चारजवळ थोडी किणकिण होती, तिथली फेल्ट जाड केल्यावर गेली.

सगळा खर्च तेहतीस हजारांच्या घरात गेला. ड्रम १४,०००, स्ट्रेनर टपाल आणि ड्युटीसकट जवळपास ११,०००, हेड आणि तारा ५,४००, रॉड १,२००, रिमूव्हर-वॅक्स-हातमोजे मिळून नऊशेच्या आसपास, आणि काकांचे ४००. एवढ्यात नवा चांगला स्नेअर येतो हे खरं आहे, तेव्हा पैसे वाचवायचे म्हणून या वाटेला जाऊ नका. ज्यांना असा ड्रम घरात पडलेला सापडला आहे, किंवा ज्यांच्या शाळेच्या माळ्यावर काळा, हिरवा, चंदेरी फासलेला एखादा स्नेअर आहे, त्यांनी मात्र एक चुंबक घेऊन जरूर बघावं. लगचा आणि स्ट्रेनरचा फोटो खाली टाकलात तर मला कळेल तेवढं सांगेन. आणि पावसाळ्यात ड्रम कापडी पिशवीत ठेवा, रेक्झिनच्या नको; आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि खटका सोडून ठेवा. स्ट्रेनरच्या जुन्या स्प्रिंगवर रात्रंदिवस ताण नको.